रोडग्यांचं गिऱ्हाईक

४ नोव्हेंबर

देवानंदचा पुन्हा फोन. "बाबा, डिसेंबरात तुम्ही दोघं कायमचे पुण्याले या. रोहिणखेडात काय ठेवलंय तुमचं?" मुलगाच तो, मायेनंच बोलला. पण मी घाबरलो आणि एकदम बोलून गेलो, "मी रोडग्यांचा धंदा सुरू करून राह्यलो!" आता धंदा काढणं आलं.

५ नोव्हेंबर

कल्पना वाईट नाही. माझ्या बायकोच्या, बनाबाईच्या हातचे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी सगळं गाव वाखाणतं. पण वाखाणणं वेगळं, विकत घेणं वेगळं. गोवऱ्या ओल्या निघाल्या तर? कोणाचं पोट बिघडलं तर? चाललं नाही तर पुण्यात देवानंदच्या घरी, आठव्या मजल्यावर जाऊन बसायचं. मला लिफ्टची भीती वाटते.

बनाबाईला विचारलं. "करा ना बापा. मी काऊन नाही म्हणू?" यात होकार किती, कळेना. ती रोज मयुरीचा, आमच्या नातीचा, फोटो पुसते. तिलाच पुण्याला जायचं असेल तर? हे विचारायची हिंमत होत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिली चाचणी. काल घरोघर सांगून आलो, "उद्या अंगणात रोडगे आहेत, या." इथंच चुकलो! दारात जाऊन 'या' म्हटलं की ते आवतणच. भागवत, माझा शाळेतला सोबती, सहकुटुंब आला. त्याच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, बनाबाईसाठी ब्लाउजपीस आणलं. शेजारची छाया तर पदर खोचून वाढायलाच लागली. पैसे मागायला जीभ उचलेना.

भागवत ढेकर देऊन म्हणाला, "जान्या, कार्यक्रम कायचा होता बे?"

"सहज."

बनाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

१० नोव्हेंबर

ओळखीत धंदा होत नाही. परकं गाव पाहिजे.

१३ नोव्हेंबर

मलकापूर. स्टेशनाबाहेर झाडाखाली डबा उघडून बसलो. 'गरम रोडगे' म्हणून ओरडायचं ठरवलं होतं — आवाजच फुटेना! तोवर रोडगेही गार झाले.

शेवटी एक गिऱ्हाईक थांबलं. खाल्लं, बोटं चाटली. "असे रोडगे जानेफळले माह्या मावशीच्या घरी खाल्ले होते." गप्प बसायचं सोडून मी विचारलं, "कोणाकडे?" झालं! त्याची मावशी रुखमाबाई म्हणजे बनाबाईची चुलत बहीण. पोरगा वाकून पाया पडला, "जय भीम, मावसा!" त्यानं खिशात हात घातला, तो मीच धरला. "येडा झाला काय बे? घरच्या माणसाकडून पैसे घेऊ?" उरलेले रोडगे त्याच्या लेकरांसाठी बांधून दिले.

एकच गिऱ्हाईक, तेही नात्यातलं निघालं.

१५ नोव्हेंबर

ठरलं. हा धंदा माझ्याच्यानं होणार नाही. म्हणजे पुणे. बनाबाईला अजून बोललो नाही. पेटी खाली काढली. परत वर ठेवली. नात रोज दिसेल, तेवढं तरी तिला बरं वाटेल.

१६ नोव्हेंबर

देवानंदचा फोन वाजला, मला उचलवेना. बनाबाईनं उचलला. "आम्ही नाही येत रे बापा. सुट्टीत मयुरीले घेऊन तुम्हीच या." बस, इतकंच! मी म्हणालो, "अवं, त्याले काही कारण तर सांगायचं!"

"आपल्याच घरी राह्याले कारण लागते काय?" म्हणाली, आणि वांगी चिरायला बसली.