पाठ फिरवली की हाक येते

४ नोव्हेंबर, चिक्कडपल्ली
उद्या जपान. मुलगा प्रज्ञेश तिथे योकोहामाला कंप्युटरच्या कंपनीत आहे. सून शिवानीला आठवा महिना. बाळंतपणाला तिची आई नांदेडहून जाणार आहे. आपण दोघांनी त्याआधी फक्त भेटून यायचं. परतीचं तिकीट सत्तावीस तारखेचं, दोघांचंही.

काळजी एकच, विमलाबाईची. लग्न झाल्यापासून ही बाई माझ्याशिवाय कुठे राहिलेली नाही. परका देश, परकी भाषा. हरवली तर विचारणार कुणाला? गर्दीत तिचा हात सोडायचा नाही असं ठरवलं आणि तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, आधी बॅगेवरून उठा, चेन लावायची आहे.

संध्याकाळी नारायणगुड्याहून माझा मित्र दत्तोबा आला. म्हणाला, निवृत्तीराव, तिकडं भाव करत नसतात बरं का. मला हसू आलं. मी सातवी पास असेन, पण हिमायतनगरच्या ऑफिसात अटेंडर होतो तेव्हा साहेब लोकांच्या पडद्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळी खरेदी माझ्याकडे असे. पद्धत सोपी आहे. वस्तू उचलायची. बघायची. तोंड वाईट करायचं. ठेवायची. पाठ फिरवायची. चार पावलं जात नाही तोवर मागून हाक येते, अजी चचा, रुको ना, कित्ते में लेते बोलो. माणूस इथला काय, जपानचा काय. पाठ सगळ्यांना सारखीच दिसते.

६ नोव्हेंबर, योकोहामा
पोचलो. विमानात विमलाबाई झोपली होती. मी जागा राहून विमान आणलं. झोपायच्या आधी तिने तिचं जेवण खाल्लं, मग माझंही. मला मासा ओळखीचा वाटला नाही.

थंडी फार. दोन स्वेटर घातले तर शिवानी म्हणाली, बाबा, हीटर चालू आहे. असेल. हीटरचा काय भरवसा?

७ नोव्हेंबर
घराखालीच मोठं दुकान. भाजी, मासे, शिजवलेलं अन्न, सगळं डब्यात. प्रत्येक डब्यावर किंमत छापलेली. म्हणजे सुरुवातीचा भाव.

दारातच म्हातारे मॅनेजर कमरेत वाकले. हाही बुद्धाचा देश, आपलीच माणसं. मी नमो बुद्धाय म्हणून वाकलो. ते पुन्हा वाकले. मी पुन्हा. त्यांच्या देशात पाहुणा मी, शेवटचा मान मी कसा घेणार? बराच वेळ चाललं. मागे लोक खोळंबले. शेवटी विमलाबाईने माझा कोट धरून मला आत ओढलं. त्यांना वाटलं असेल, हीसुद्धा इथली पद्धत.

संध्याकाळी एकटाच पुन्हा गेलो. तळलेल्या माशाचा डबा उचलला, बघितला, तोंड वाईट केलं, ठेवला. पाठ फिरवली. चार पावलांवर थांबून कानोसा घेतला. हाक नाही. पण वळून बघतो तर एक मुलगी हातात यंत्र घेऊन आली आणि त्याच डब्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवून गेली. भाव उतरला! एक शब्द न बोलता!

मी डबा घेतला नाही. इतक्या लवकर घ्यायचा नसतो. तसाच तोंड पाडून उभा राहिलो. पाय दुखले. शेवटी ती परत आली आणि लाल चिठ्ठी लावली. निम्मा भाव. आमच्या सुलतान बाजारातसुद्धा मला निम्म्यात कुणी दिलेलं नाही.

८ नोव्हेंबर
शिवानीचं म्हणणं, बाबा, ते रोज संध्याकाळी सगळ्याच डब्यांना लावतात, उरलेलं संपावं म्हणून. मुलगी शिकलेली आहे, पण बाजार कधी केलेला नाही. मी शांतपणे म्हटलं, मग मी तिथून हललो तेव्हाच का आली? ती म्हणाली, तुम्ही मध्ये उभे होता म्हणून, बाबा.

वाद वाढवला नाही. पोटुशी बाई आहे.

१० नोव्हेंबर
आज विमलाबाई मला न सांगता एकटी दुकानात गेली. मी न्हाणीघरात होतो. तिथली बटणं समजून घेत होतो, त्यात वेळ गेला. बाहेर येऊन पाहतो तर घरात नाही. कोट उलटा घालून जिन्यात पळालो. ती समोरून येत होती. पिशवीत मासे, कांद्याची पात, मुळा आणि कुठून कोण जाणे, हिरवी मिरची. मी विचारलं, मिरची कशी मागितलीस? म्हणाली, हाताने दाखवली आणि हाय हाय केलं.

सोबत शेजारची जपानी म्हातारी होती. मग दोघी आमच्या स्वयंपाकघरात बसल्या. विमलाबाई मराठीत बोलत होती, म्हातारी जपानीत. चहा झाला, पुन्हा चहा झाला. ती गेल्यावर मी विचारलं, काय म्हणत होती? म्हणाली, सुनेचं सांगत होती.

हे बरं नाही. माझी नजर नसताना ही बाई कुणावरही विश्वास ठेवते.

१२ नोव्हेंबर
प्रज्ञेशने बाहेर जेवायला नेलं. मोठ्या वाडग्यात शेवयांचा रस्सा. आजूबाजूला सुटाबुटातले लोक मोठमोठ्याने भुरके मारत होते. आयुष्यभर या बाईने मला सांगितलं, चहाचे भुरके मारू नका, चार लोक बघतात. इथे अख्खा देश माझ्या बाजूने आहे. मी तिच्याकडे बघितलं आणि असा भुरका मारला की शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी मान वर केली.

शेवई नाकात गेली. सगळी नाही, अर्धी. बाकी अर्धी तोंडात. पुढचं लिहीत नाही.

विमलाबाईने आवाज न करता वाडगा संपवला आणि माझाही ओढून घेतला.

१५ नोव्हेंबर
फोन आला. शिवानीची आई नांदेडला अंगणात घसरून पडली. पायाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. आता ती येऊ शकत नाही. शिवानी रडली. प्रज्ञेश म्हणाला, आई, तू थांबशील का? बाळंतपण आणि पुढचा महिना. व्हिसा आहे.

मी म्हटलं, आणि मी? तो म्हणाला, बाबा, तुम्ही तर पहिल्या दिवसापासून म्हणताय, पाण्याची मोटर कोण लावणार, पेन्शन कोण आणणार. मी म्हटलं, बरोबरच आहे.

विमलाबाई म्हणाली, बघू. इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे, तिचं बघू म्हणजे नाही. माझ्याशिवाय तिला झोप येत नाही. तरी रात्रभर मला झोप नाही. ती घोरत होती.

१७ नोव्हेंबर
शिवानीचं मन रमवावं म्हणून तिच्यासाठी खरबूज घ्यायचं ठरवलं. आपल्याकडे ढिगाने मिळतं ते फळ इथे लाकडी पेटीत, कापडावर, राजासारखं बसवतात. किंमत बघून मला घाम फुटला. म्हटलं, पद्धत वापरू.

दुपारची वेळ. पेटी उचलली, बघितली, तोंड वाईट केलं, ठेवली. पाठ फिरवून दारापर्यंत गेलो. कुणी नाही. परत आलो. तोंड आणखी वाईट केलं. गेलो. परत आलो. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. शेवटी डोळ्यांतून पाणी काढलं, इतकं तोंड वाईट केलं. तेव्हा कुठे मॅनेजर धावत आले. मला वाटलं, आता चिठ्ठी. त्यांनी खुर्ची आणली. मग पाणी आणलं. चिठ्ठीवाल्या मुलीने माझा हात धरला. मग पोलीस आला. तरणा, फार सभ्य. मी त्याला खरबूज दाखवलं, निम्म्याची खूण केली, पाठ फिरवून दाखवली. त्याने मान डोलावली आणि माझ्या कोटाचे खिसे बघितले. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निघाली. वास घेऊन परत ठेवली.

मग प्रज्ञेश ऑफिस सोडून आला. सगळ्यांपुढे वाकला, पुन्हा पुन्हा वाकला. घराजवळ म्हणाला, बाबा, त्यांना वाटलं तुम्ही घर विसरलात.

ते काही असो. इतर कुठल्याही गिऱ्हाइकाला खुर्ची दिली नव्हती. पोलीस दारापर्यंत सोडायला आला, ते वेगळंच. इथे ज्येष्ठ नागरिकांना मान आहे.

१८ नोव्हेंबर
प्रज्ञेशने माझ्या कोटाच्या खिशात पत्त्याचं कार्ड शिवून दिलं. मी म्हटलं, आईच्याही खिशात शिव. तो म्हणाला, आईला कशाला?

२० नोव्हेंबर
विमलाबाईचं अजून बघू चाललेलंच. आता ढील देऊन उपयोग नाही. जेवताना मी खडसावून सांगितलं, ज्याला थांबायचं त्याने थांबावं, मी तर सत्तावीसला निघालो. ताट सरकवलं, उठलो, पाठ फिरवली.

घर लहान. दोन पावलांत खोलीचं दार आलं. हाक यायला जागाच कमी पडली. दाराची मूठ धरून उभा राहिलो. मागून विमलाबाईचा आवाज आला. म्हणत होती, मग त्यांचा करडा स्वेटर आजच धुवून टाकते. प्रज्ञेश म्हणाला, बाबांचं तिकीट आहेच, तुझं तेवढं पुढे ढकलतो.

भूक राहिली होती. पण परत बसणं शोभलं नसतं.

२३ नोव्हेंबर
बॅग भरायला घेतली. खोलीत नाही, मधल्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या पायांत येईल अशी. एक सदरा घडी करायचा, उसासा टाकायचा. बऱ्याच वेळाने शिवानी म्हणाली, बाबा, इतक्या लवकर भरताय? माझ्या जीवात जीव आला. म्हटलं, आली हाक. ती म्हणाली, ही नका नेऊ, जड आहे. ही घ्या, हिला चाकं आहेत.

विमलाबाईला एकटीला गाठून म्हणायचं होतं, चल ना गं. स्वयंपाकघरात गेलो. शेजारची म्हातारी बसलेली. तिच्यासमोर कसं म्हणणार? तिला मराठी येत नाही हे नंतर लक्षात आलं. पण आता या दोघींचं काही सांगता येत नाही.

२७ नोव्हेंबर, विमानतळ
सगळे सोडायला आले. मी कुणाकडे न बघता पाठ फिरवली आणि रांगेकडे निघालो. हळूहळू. चाकं असल्याने बॅग मात्र पळत होती. एक पाऊल, दुसरं पाऊल. मनात म्हणत होतो, विमल, आता नाही तर कधी नाही.

आणि हाक आली. अहो! अहो, थांबा!

मी जागच्या जागी उभा राहिलो. डोळे भरले. दत्तोबाला आता काय सांगायचं ते मनात आलं. वळलो. विमलाबाई पळत येत होती. धापा टाकत म्हणाली, तुमचा पासपोर्ट माझ्या पिशवीत राहिला.

३० नोव्हेंबर, चिक्कडपल्ली
घर ठीक. मोटर लावली. पाणी आलं.

दत्तोबाने विचारलं, वहिनी कुठेत? म्हटलं, ठेवून आलो. पोरांना गरज होती, मी परवानगी दिली. तो म्हणाला, मग तुमचं जेवण? म्हटलं, त्यात काय, भातच तर लावायचा.

२ डिसेंबर
भातात पाणी जास्त झालं. पेज म्हणून प्यालो. पचायला हलकी.

फोन आपण करायचा नाही असं ठरवलं. ती करेल.

५ डिसेंबर
ठरवलेलं काल मोडलं, कारण जिरं कुठे आहे ते विचारणं भाग होतं. शिवानीने उचलला. म्हणाली, आई शेजारच्या आजींबरोबर बाजारात गेल्यात. जिरं मीच शोधलं. तो ओवा निघाला.

१४ डिसेंबर, सकाळ
नात झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप. पहाटे प्रज्ञेशचा व्हिडिओ फोन. त्याच्या मागे गडबड, कुणी हसतंय, कुणी जपानीत बोलतंय. म्हणाला, बाबा, थांबा, बाळ दाखवतो. फोन हलला आणि समोर सगळं पांढरंशुभ्र दिसलं. दुपटं असणार. चेहरा नीट दिसेना. चष्मा पुसला, तरी नाही. पण म्हटलं, पोर ऐकत तर असेल.

मी बोलायला लागलो. बाळा, मी तुझा आजोबा. खूप शिक. आमच्यासारखी सातवीत थांबू नकोस. जय भीम म्हणायला शीक. मग वाटलं, विमलाबाई तिथेच असेल, पोराला मांडीवर घेऊन. तिला सरळ कसं म्हणणार? म्हटलं, तुझ्या आजीला सांग, हळद कुठली आणि बेसन कुठलं ते मला कळत नाही. सांग, भात रोज उरतो. सांग, संध्याकाळी मी दोन कप चहा टाकतो आणि एक गार होतो. सांग, तिला मी तिथे ठेवून आलो नाही, तिने मला पाठवलं. सांग, सगळं आटपलं की लवकर ये. मला करमत नाही.

आयुष्यात इतकं मी कधी बोललो नव्हतो. पांढरं दुपटं तसंच शांत. म्हटलं, गुणी पोर आहे.

मग पांढऱ्यावर एक दिवा लागला. गोल, छताला असतो तसा.

बऱ्याच वेळाने फोन हलला. विमलाबाईचा चेहरा आला, कपाळावर केस, फार खूश. फोनमध्ये डोकावून म्हणाली, अगं बाई, तुम्ही अजून आहात होय?

मी म्हटलं, आहे.