बोका, बोट आणि भविष्यातील मोबदला

मी, ऑरेस्ट हॅलिचुक, वय एक्क्याऐंशी, राहणार सॅस्कटून, हे मृत्युपत्र स्वहस्ते, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. गेल्या हंगामात आमच्या मालकीचा आइस हॉकीसंघ तळाला गेला तरी मी खुशीत होतो, म्हणून मुलगा टारास माझ्या शुद्धीबद्दल शंका घेतो. डॉक्टरांची शंका फक्त हृदयाबद्दल आहे.

१. घर व बँकेतील शिल्लक टारास आणि लारिसा या माझ्या दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. स्केटला धार लावायचे यंत्र एकट्या लारिसाला, कारण टारासने त्यावर भाजीची सुरी धरली होती.

२. लारिसा संघाची व्यवस्थापक आहे. खेळाडूंच्या एकूण पगाराला लीगने मर्यादा घातली आहे. मोडका संघ उभारताना त्या मर्यादेत जागा राखायची, श्रीमंत संघांना जड झालेले पगार आपल्या अंगावर घ्यायचे आणि त्याबद्दल त्यांच्याकडून काहीतरी उकळायचे, हे तिला बरोबर कळते. तळाला गेलेल्या संघाला नवे खेळाडू आधी निवडता येतात, हेही. गेल्या ईस्टरच्या जेवणात टारास भडकला.

"लंगड्या गोलरक्षकाला पगार देतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अरे दादा, त्याच्यासोबत त्याच्या संघाचा नवा खेळाडू निवडायचा पहिला हक्क मिळाला. मला कोवळी पोरं हवीत."

"पोरं मोठी होईपर्यंत लोक तिकिटं काढतील? देऊन टाक तो हक्क आणि एखादा नावाजलेला गडी आण!"

"टाटो, सांगा ना याला काहीतरी!"

बाप असून मी तोंडात बटाट्याची पेरोगी कोंबली. आता सांगतो.

३. माझ्या मासेमारीच्या बोटीवर टारासचा लहानपणापासून डोळा आहे. ती त्यालाच. मात्र सोबत बोरिस हा बोका घ्यावा लागेल. बोरिस चावतो आणि पडदे फाडतो. बोका नाकारल्यास बोट लारिसाला. बाळा, बोका म्हणजे तो लंगडा गोलरक्षक. बोट काय ते तूच ओळख.

४. संघाच्या मालकीत निम्म्याहून जास्त मते माझी, उरलेली टारासची. माझी मते दोघांत वाटली, तर माझ्यामागे तो लारिसाला खुर्चीवरून उठवेल आणि पोरे देऊन म्हातारे आणेल. तो वाईट नाही, उतावळा आहे. आईवर गेला आहे, आणि त्या बाईवर माझा फार जीव होता. मते थेट लारिसाला दिली, तर बापाने खुर्ची बहाल केली म्हणून तो जन्मभर टोमणे मारेल. म्हणून तीन हंगाम ती मते माझा जुना वैरी लोर्न पिकार्ड वापरील, नंतर ती लारिसाची. लोर्नशी भांडण्यात अर्थ नाही, त्याला ऐकू येत नाही.

५. लोर्न दुसऱ्या संघाचा व्यवस्थापक असताना माझा बचावपटू डेल घेऊन गेला. बदल्यात करारात लिहिले, 'भविष्यातील मोबदला'. आमच्या धंद्यात असे लिहून कोणी काही देत नाही, हे मलाही ठाऊक होते. तरी दर नाताळला मी विचारतो आणि तो माझ्याच घरचे कोबीचे रोल खात म्हणतो, "अरे, भविष्य यायचंय अजून. घाई काय आहे?"

लोर्न, आले बघ. तीन हंगाम लारिसाला हलवू द्यायचे नाही. संघ तळाला गेला तर मुळीच नाही. मान्य नसेल तर माझा डेल परत कर. तो आता आजोबा झाला आहे, पण गुडघे नेलेस तसेच हवेत.

सही: ऑरेस्ट हॅलिचुक

साक्षीदार: वेंडेल क्रॉस, रिंकवरचा बर्फ सारखा करणारे; आयरीन सॅडलर, शेजारीण, ज्यांना बोरिस दोनदा चावला आहे.

सॅस्कटून, ७ मार्च. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत आज दुपारी संपली. लारिसाने एकही पोर दिले नाही.