शेजारच्या सीटचा ब्रेक

प्रिय भोंग्या,

तुझा फोन आला की माझं तेच होतं. तू विचारतोस, "मग, येतेस ना ब्रेकवर बसायला?" आणि मी "बघू" म्हणून लगेच छकुलीच्या दातावर येते. तिचा पुढचा दात कसा पडला ते मी आतापर्यंत इतक्यांदा विचारलं आहे की सूनबाईला माझ्या डोक्याची काळजी वाटायला लागली असेल. फोनवर मला जमत नाही. तू घाईत असतोस, मागून कुणीतरी तुला हाका मारत असतं, आणि त्या गडबडीत मी हो म्हणून बसेन अशी धास्ती वाटते. म्हणून हे पत्र. ऑफिसात उघडू नकोस. घरी जा, चहा घे, मग वाच.

तू काय मागितलंस ते मला नीट कळलं आहे. तुमच्या बिनड्रायव्हरच्या गाडीत आता पहिल्यांदाच घरची-बाहेरची माणसं बसवायची आहेत, आणि पहिल्या फेरीला मागच्या सीटवर सूनबाई आणि छकुली असणार. पुढे एक माणूस हवा, ज्याच्या पायाशी ब्रेक असेल आणि जो वेळ आलीच तर दाबेल. तशी तयार केलेली माणसं तुमच्याकडे आहेत, पण तुला मी हवी आहे. साहेबांच्या मागे लागून परवानगीसुद्धा काढलीस. "आई, तिथे तुझा पाय असला की मला भीती नाही," म्हणालास. ते ऐकून आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दिवसभर कामं हलकी झाली. पण अजून मी हो म्हटलेलं नाही, आणि का नाही ते सांगायला सुरुवात कुठून करावी हेच सुचत नाही. तेव्हा आधी इकडची खबरबात घे.

तुमच्या गाड्या आता आमच्याही रस्त्यांवर फिरतात. छपरावर ते गोल गोल फिरणारं डबडं असतं ना, त्यामुळे लोकांनी तिचं नाव टोपीवाली ठेवलं आहे. आत तुमचा एक माणूस बसलेला असतो, हात मांडीवर ठेवून. अनोळखी लग्नात जेवायला बसल्यासारखा दिसतो बिचारा. टोपीवाली चौकात फार वेळ थांबते. याला जाऊ देते, त्याला जाऊ देते, मग रस्ता मोकळा झाला तरी अजून कुणी येतंय का बघते. परवा चौकातला सायकल दुरुस्तीवाला दुकानाच्या पायरीवरून ओरडला, "अगं बाई, जा की आता! का हळदीकुंकवाचं बोलावणं पाहिजे?" सगळा चौक हसला. मला मात्र माझ्याकडे गाडी शिकलेल्या दातांच्या डॉक्टरांची आठवण झाली. दुसऱ्याच्या तोंडात पक्कड घालताना हात न कापणारा माणूस, पण चौकात आला की "मॅडम, तो जाऊ दे, मग आपण." मी म्हणायचे, अहो, त्याच्यामागे दुसरा आहे. "मग दुसराही जाऊ दे." त्यांना शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. तेव्हा तुझ्या गाडीला सांग, शिक्षिका म्हणून माझं मत वाईट नाही. उद्धटपणा नाही, फोन बघणं नाही, आणि मुख्य म्हणजे आपल्याला सगळं येतं असा तोरा नाही. थोडी भित्री आहे, एवढंच.

शिकायला येणारे कमी झाले आहेत. "शिकून काय करू मॅडम, चार वर्षांत गाड्या आपल्या आपण जातील," असं तोंडावर सांगतात, आणि माझा मुलगा त्याच उद्योगात आहे हे कळलं की जीभ चावतात. मी हसते. मला त्याचं वाईट वाटत नाही असं म्हटलं तर तुला पटणार नाही, पण खरंच वाटत नाही. मी दमले आहे. गाडी शिकवणं म्हणजे काय रे, तर रोज नव्या माणसाची भीती शेजारी बसून अंगावर घ्यायची. त्याचा तास संपतो, तो उतरतो, घरी जाऊन सांगतो की आज मस्त चालवली. त्याची भीती माझ्या मानेत राहते. तोवर पुढचा येऊन सीट मागेपुढे करायला लागलेला असतो, आणि पुन्हा आरसे, पुन्हा हाफ क्लच, पुन्हा तोच चढ, तिथे प्रत्येकाची गाडी मागे सरकते आणि प्रत्येकाला वाटतं की जगात हे आपल्याच बाबतीत होतंय. घरी आल्यावर खुर्चीत बसून टीव्ही बघतानासुद्धा माझा पाय फरशी दाबत असतो. तुझे बाबा म्हणतात, "अगं, बातम्या देणारी बाई धडकणार नाही कुणाला. सैल सोड."

सैल सोडण्यावरून आठवलं. तुला माझा शब्द माहीत आहे. मी कुणालाही कधी "थांब" म्हणत नाही. घाबरलेल्या माणसाला थांब म्हटलं की तो पायाखाली मिळेल ते जोरात दाबतो, आणि मिळतो नेमका ॲक्सिलरेटर. म्हणून मी म्हणते "सोड". पाय उचलला की गाडी मवाळ होते, पुढचं मी बघते. सगळ्यांना हे पहिल्या दिवशी कळायचं. तुला कळलं नाही, आणि त्यात तुझी चूक नव्हती. आपल्या घरात "सोड" हे हातालाच सांगितलं जायचं. फ्रिजचं दार सोड, मांजराची शेपटी सोड, बाबांचा पाना सोड. मैदानामागच्या रस्त्यावर मी म्हटलं "सोड", आणि तू गुणी मुलासारखे दोन्ही हात वर केलेस. पाय होता तिथेच, चांगला दाबलेला. गाडी एकटीच पाण्याच्या टाकीकडे निघाली. मी माझ्या बाजूचा ब्रेक मारला, काही झालं नाही. पण जेवताना बाबा बोलून गेले, "पोरगं आईच्याही पुढचं निघालं! बिनहाताची गाडी चालवतंय." तूही हसलास. मग ताट उचलून आत गेलास आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीस. गाडी शिकवणाऱ्या बाईच्या मुलाला गाडी येत नाही, हे मला लोकांनी पुष्कळ वर्षं पुरवून पुरवून ऐकवलं. तू या कामात पडलास तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, पळवाट काढली बघा. मला तसं वाटलं नाही. ज्याने ती भीती भोगली आहे त्यानेच हे करावं, असं वाटलं. तुझी गाडी चौकात उगाच थांबते ना, त्यात मला तूच दिसतोस.

आता बेकरीवाल्या बाईंचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. या माझ्या शेवटच्या विद्यार्थिनी. नवरा गाडीने पाव पोचवायचा, तो अंथरुणाला खिळला, आणि भाड्याचा ड्रायव्हर रोज नवा बहाणा सांगायला लागला, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "मॅडम, मला फक्त सरळ रस्ता शिकवा. वळायचं माझं मी बघेन." गाडीशी बोलत बोलत चालवतात. चल गं राणी, असं करू नये, शहाणी ना तू. गाडी बंद पडली की तिचीच समजूत काढतात. मध्यंतरी आम्ही दवाखान्याजवळच्या रस्त्याने येत होतो. फाटकातून एक टेम्पो पाठीमागून बाहेर आला, न बघता, न हॉर्न देता. मी "सोड" म्हटलं. त्यांनी काय केलं ते बघायला वेळ नव्हता. मी ब्रेक दाबला. सगळी ताकद लावून दाबला. गाडी टेम्पोच्या हातभर अलीकडे थांबली. बाईंनी माझा दंडच धरला. "वाचवलंत हो मॅडम! तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं." मी खाली बघितलं. माझा पाय ब्रेकवर नव्हताच. पेडलच्या शेजारी, मॅटवर होता, आणि गुडघ्यापासून थरथरेपर्यंत नुसती जमीन दाबत होता. मी त्यांना म्हटलं, बाई, मी नाही, तुम्हीच थांबवलीत. "काहीतरीच तुमचं! माझ्याच्यानं होतंय का?" मी म्हटलं, खाली बघा. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, आणि नंतर स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे मला येतं की!" एवढा आनंद होता त्या आवाजात. मीही हसले. मग त्यांनीच गाडी चालवत मला घरी आणून सोडलं.

त्याआधीही रस्त्यात एकदा चप्पल निसटून मागे राहिली होती आणि मी तशीच पुढे चालत गेले होते. फुलवालीने हाक मारून सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हा मी चपलेला दोष दिला. टेम्पोनंतर मात्र डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "पायाला माझी टाचणी कुठे लागतेय ते सांगा." मी बराच वेळ वाट बघून विचारलं, "लावलीत का?" त्यांनी टाचणी खाली ठेवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. साखर आहे हे तुला ठाऊक आहे. तिने पायाची जाणीव नेली आहे. चालता येतं, उभं राहता येतं, दुखत तर काहीच नाही. पण पाय कुठे आहे हे मला डोळ्यांनी बघावं लागतं, आणि ब्रेकवर बसणाऱ्याने पायाकडे बघायचं नसतं, रस्त्याकडे बघायचं असतं. तुझ्या बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. एका सकाळी उठून बघते तर त्यांनी गाडीतल्या शेजारच्या सीटची पेडलं काढून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "गंजतात." शिकायला कुणी आलं की "बाई गावाला गेल्यात" म्हणून सांगतात, आणि मी खिडकीत उभी असते.

म्हणून भोंग्या, हे पत्र एवढ्याचसाठी की माझ्या पायाच्या भरवशावर छकुलीला त्या गाडीत बसवू नकोस. तो पाय आता नाही. आणि आणखी एक, रागावू नकोस. तिथे आईचा पाय असेल तरच तुला भीती नसेल, तर ती गाडी अजून तयार नाही, आणि हे तुला माझ्याआधी कळलेलं आहे. तसं असेल तर साहेबांना स्पष्ट सांग आणि फेरी पुढे ढकल. ओरडतील, ओरडू दे. बाबांच्या एका थट्टेने तू आयुष्यभराचं स्टिअरिंग सोडलंस, एवढं मनाला लावून घेऊ नकोस या वेळी. आणि नीट विचार करून, माझा पाय वजा करूनही, गाडीवर तुझा विश्वास बसला, तर ब्रेकवर तुमचा शिकलेला माणूस बसव आणि मला मागे छकुलीशेजारी जागा ठेव. मी येईन. काहीही शिकवणार नाही, ड्रायव्हर असो-नसो, कुणाला टोकणार नाही. माझी उमेदीची सगळी वर्षं समोरचा रस्ता बघण्यात गेली. या गावातला प्रत्येक खड्डा मला पाठ आहे, पण रस्त्याकडेची घरं कशी आहेत ते विचारशील तर सांगता येणार नाही. मला एकदा खिडकीला डोकं टेकून ती घरं बघायची आहेत.

तुझीच, आता बिनब्रेकची,
आई