शेवटचं प्रकरण

१२ जून

प्रिय दादा, आणि हे त्याला वाचून दाखवणारी वहिनी,

दोघांनाही नमस्कार. इकडे सगळं बरं. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. हे रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावतात, त्यामुळे मला मीठ सापडत नाही.

तुला वाटेल, आमचा हा रेडिओ, म्हणजे मी, फोनवर तासन्‌तास वाजतो, आज पत्र कुठून सुचलं? सांगते, जरा दम धर.

परवाचा तुझा निरोप ऐकला. मी फोनवर वाचून पाठवलेली ती पहारेकऱ्याची कादंबरी तुमच्या वाचनालयात ब्रेलमध्ये आली म्हणालास. नंबर लावलास, आता शेवटचं प्रकरण स्वतःच्या बोटांनी वाचणार म्हणालास. तू इतका खुशीत होतास आणि मी कागद शोधायला उठले.

दादा, ते प्रकरण मी तुला खोटं वाचून दाखवलं.

पुलावर झोप लागलेला पहारेकरी, त्याच्यामुळे नदीत गेलेली गाडी, मग मेलेल्या गाडीवानाच्या बायकोला शोधत त्याचं वणवण फिरणं, हे पुस्तकातलंच आहे. पण ती बाई त्याला पाणी देत नाही, ‘जा, सुखानं जग’ असंही म्हणत नाही. ते माझ्या पदरचं. पुस्तकात तो झोपेचं नावही काढत नाही. त्या रात्री धुकं किती होतं तेच सांगत बसतो आणि माफी मागतो. ती म्हणते, “तुम्ही मागायला आलात, सांगायला नाही.” आणि दार लावून घेते. ते मला तुला वाचून दाखववेना. रेकॉर्डिंग थांबवलं, आणि पुढचं मनानं रचून बोलले.

एवढ्यानं काय बिघडतंय, असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन. “रेडिओ, त्याला माफी मिळाली ना, मग मीही आता स्वतःला माफ करून टाकतो. टबात ॲसिड विसरलो तो मी, बाबांना दुकान बंद करावं लागलं ते माझ्यापायी. पुरे झालं.” मी नुसतं “हो रे” म्हणाले.

तू विसरला नव्हतास.

बाबांच्या बॅटरीच्या दुकानात माझं काम टबात पाणी भरून ठेवायचं. मग त्या पाण्यात ॲसिड तू ओतायचास, सावकाश. उलटं कधी करायचं नाही, ॲसिडवर पाणी पडलं की ते उसळतं, हे बाबांनी दोघांच्याही डोक्यात ठोकून बसवलं होतं. त्या सकाळी तू यायच्या आत सगळं करून दाखवू म्हणून मी कोरड्या टबात आधी ॲसिड ओतलं. ओतल्यावर लक्षात आलं. बाबांना हाक मारायची सोडून मैत्रिणीकडे पळाले. तू आलास, मी भरलेलं पाणी कमी आहे असं समजून वरून मगभर पाणी घातलंस, आणि ते उसळून तुझ्या डोळ्यांत गेलं.

दवाखान्यात बाबांनी मला विचारलं होतं. मी म्हणाले, “आज मी टबाला हातच लावला नाही.” डोळ्यांवरच्या पट्ट्यांमागून तूच म्हणालास, “मग ते कालचं असेल. टब रिकामा करायचा मीच विसरलो.” मी तिथेच उभी होते, तुझ्या चपला हातात घेऊन. बाबा गेले तेही तुला निष्काळजी समजतच गेले.

धुकं माझ्याकडेही आहे. लहान होते, घाबरले होते. ते सांगत बसत नाही.

फोनवर सांगायला गेले असते तर ऐन वेळी पुन्हा काहीतरी गोड रचलं असतं. मी मला ओळखून आहे. म्हणून कागदावर. वहिनी, तू मध्ये थांबली असशील, त्याच्याकडे बघत बसली असशील. काही गाळू नकोस गं. आणि ‘तू विसरला नव्हतास’ ही ओळ त्याला परत एकदा वाचून दाखव.

दादा, मी काही मागत नाहीये. दार लावायचं तर लाव. फक्त ती स्वतःला दिलेली माफी परत घे. ती तुला लागतच नव्हती.

टबात ॲसिड ओतलं ती,
तुझी बहीण