पाटावरची सुपारी

३ मार्च १९३८. सकाळी साडेसात.
आज सात वाजून दहा मिनिटांनी, दाढी करताना, माझं आयुष्य बदललं. कोंबडी पायात आली, वस्तरा सरकला, हनुवटी कापली. तांब्या उचलून कोंबडीवर फेकणार, तेवढ्यात आरशात एक माणूस दिसला. लाल डोळे, अर्ध्या तोंडाला साबण, हात वर. मला आलेला राग मला दिसला. अख्ख्या शेणव्यात आजवर स्वतःचा राग कुणाला दिसला नसेल. दुसऱ्याचा सगळ्यांना दिसतो.
तांब्या फेकला. पण जाणीवपूर्वक फेकला. फरक आहे.
निश्चय: आजपासून आत्मनिरीक्षण. चहा, झोप, कौतुक ही सगळी तात्पुरती सुखं. मला टिकाऊ हवं.

५ मार्च.
वहीत तीन रकाने आखले. काय वाटलं. का वाटलं. दोष कुणाचा. तिसरा रकाना सर्वांत आधी भरतो. आज बाबा चार वेळा, भिमामामा तीन वेळा. लॉजिकचे प्रोफेसर एकदा, सवयीने. त्यांनी गेल्या महिन्यात भर वर्गात मला 'घाईचा माणूस' म्हटलं. मी तिथल्या तिथे पुस्तक खिडकीबाहेर टाकलं. माफी मागा म्हणाले, मी कॉलेजच सोडलं. इंटरची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. नुकसान कॉलेजचं.

९ मार्च.
आटगावला जाऊन आलो. टिकाऊ सुख दुसऱ्या माणसावर अवलंबून नसतं. तेव्हा तिथल्या कुंडलिकरावांच्या मुलीवर, सुंदरेवर, मी अजून अवलंबून आहे का, हे तपासणं भाग होतं. उन्हातून चालत गेलो. ती अंगणात भात पाखडत होती. सूप थांबलं, तिने माझ्याकडे बघितलं, हसली, सूप पुन्हा सुरू.
निष्कर्ष नक्की होईना. परवा पुन्हा तपासणार.

११ मार्च.
तपासलं. ती घरात नव्हती. परतताना रस्त्यात एका बैलाशी भांडलो.

१७ मार्च.
पेरणीआधी राब भाजायचा, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळायचा, त्यासाठी फांद्या तोडायला चल म्हणून बाबा मागे लागलेत. मी सांगितलं, आधी माझ्या आतलं रान साफ होऊ द्या. बाबा कोयता घेऊन एकटेच गेले. आईने जेवायला वाढलं, पण ताट जरा जोरात ठेवलं.
भिमामामा ओटीवर बसला होता. म्हणाला, "भाच्या, सोताला बगून झालं का? मंग जरा बैलांना बग. दोन दीस झालं, त्यांना पानी नाय."
या घरात सूक्ष्म विषयांवर बोलण्याची सोय नाही.

२४ मार्च.
मामाला मी उगाच बोलतो. त्याने आटगावला शब्द टाकला आणि कुंडलिकराव तयार आहेत. मुरबाडहून कुणा देवरामचंही मागणं आलंय. लाकडाच्या वखारीत कारकून. म्हणजे दिवसभर ओंडके बघणारा. पण पहिला मान शेणव्याला. दहा एप्रिलला सुपारी.
आमच्यात मुलीचा बाप पाटावर सुपारी ठेवतो. मुलाचा बाप ती उचलून पंचांच्या हातात देतो, पंच अडकित्त्याने फोडतात, लग्न ठरलं. उचललीच नाही, तर नकार. मी म्हटलं, लग्न माझं, सुपारी मीच उचलणार. बाबा म्हणाले, अशी रीत नाय. मी ताट भिरकावलं. आई म्हणाली, उचलू दे त्याला, नायतर तिथंबी हेच करील. बाबांनी मान्य केलं.
जागृत माणसापुढे रूढी टिकत नाही.

२ एप्रिल.
एक अडचण. सुंदरा मला हवी आहे. इच्छेतून आलेलं सुख इच्छेबरोबर संपतं. म्हणजे सुपारी हावरटासारखी उचलली, तर सगळा संसार कच्च्या पायावर. उपाय: इच्छा उठताना बघायची, खाली बसू द्यायची, मगच हात पुढे करायचा.
फणसाच्या गऱ्यांवर सराव सुरू केला.

५ एप्रिल.
सराव फसला. इच्छा खाली बसायच्या आत गरे संपले. पोट बिघडलं. दोष फणसाचा.

१० एप्रिल. संध्याकाळ.
जिंकलो.
बैलगाडीने आटगावला पोचलो. मांडवात पंच, समोर पाट, पाटावर पान, पानावर सुपारी. कुंडलिकराव म्हणाले, "उचला, पाव्हनं."
इच्छा उठली. केवढी म्हणून सांगू. मी डोळे मिटले आणि तिच्याकडे बघत बसलो. पुन्हा आवाज आला, उचला. छातीत ढोल वाजत होता, त्याच्याकडेही बघितलं. तिसऱ्यांदा आवाज आला. मामाने बरगडीत कोपर मारलं. कोपराकडेही शांतपणे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही. हळूहळू सगळं खाली बसलं. आत इतकं स्वच्छ वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग हसतमुखाने डोळे उघडले आणि हात पुढे केला.
पाटावर काही नव्हतं. मंडळी वहाणा शोधत होती.
परतताना गाडीत कुणी बोललं नाही. माझ्या शांतीचा त्यांच्यावर परिणाम झाला असावा. सुपारीचं काय ते बाबा पुन्हा जाऊन बघतील.

१३ एप्रिल.
बाबा गेले नाहीत. म्हणाले, पंचांच्या देखत पोरीच्या बापाचा अपमान केलास, आता कुठल्या तोंडाने जाऊ. मुरबाडचे लोक काल येऊन गेले. मामा सांगतो, सुपारी ठेवल्या ठेवल्या देवरामच्या बापाने उचलली, तेही बैलांच्या पेंढ्याबद्दल बोलता बोलता.
दोष: कुंडलिकराव (उतावीळ), मामा (कोपराऐवजी तोंड वापरता आलं असतं), पंच, पेंढा.

२० एप्रिल.
सुंदरेला तरी समजेल, म्हणून आटगावला गेलो. विहिरीवर एकटीच होती. मी सगळं समजावून सांगितलं. नकार नव्हता, उलट फार मोठा होकार होता, फक्त तो आत चालला होता. तिने हंडा भरला, काठावर ठेवला, पदराने हात पुसले. मला वाटलं, पटलं.
मग म्हणाली, "मी कुडामागं हुते. फटीतनं बगत. ती सुपारी माज्याम्होरं ठेवली असती, तं मी कवाच उचलली असती."
मी म्हटलं, मग आता. ती म्हणाली, आता काय, फुटली. आणि हंडा डोक्यावर घेऊन गेली.

२१ एप्रिल.
काही नाही.

५ मे. पहाटे.
आज तिचं लग्न. मुरबाडहून वऱ्हाड आणायला गाड्या कमी पडल्यात. शेणव्यातून तीन मागवल्यात, त्यात एक आमची. कुंडलिकरावांचा निरोप होता, मनात काय ठेवू नका. बाबांना ताप आहे. मामा म्हणाला, मी हाकतो, तू ऱ्हा घरी. आईनेही तेच सांगितलं.
मी म्हटलं, मी नेतो. का म्हटलं, माहीत नाही. वाटतंय पुष्कळ. ते बघत बसलो, तर नवरदेव मुरबाडात ताटकळतील.
बैल जुंपलेत. मामा हाका मारतोय. निघालो. दार ओढून घेतो, कोंबड्या आत शिरतात.