अजून पन्नास मिनिटं

ती. बाबा,

पाया पडते. मी सुखरूप आहे आणि टॅक्सीही धड आहे, हे आधीच सांगून टाकते.

काल एका शिक्षिका बाईंना त्यांच्या माहेरी पोचवायला निघाले. त्यांची आई अत्यवस्थ होती. माझी विजेची गाडी एका दमात तिथवर जात नाही, म्हणून वाटेत चार्जिंगला थांबले. बॅटरी नऊ टक्क्यांवर आलेली. दोनपैकी एक चार्जर बंद, दुसऱ्यावर एका गृहस्थांची गाडी.

"अजून पन्नास मिनिटं लागतील," ते म्हणाले.

बाई फोन मुठीत धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मी त्या गृहस्थांना कारण सांगितलं. त्यांनी बाईंकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच केबल काढून माझ्या गाडीला लावली.

तरी अर्धा तास लागलाच. तेवढ्यात बाईंच्या भावाचा फोन आला. "कुठवर आलीस? आई तुझंच नाव घेतेय."

तिथला चार्जिंगचा दर घरच्या तिप्पट, त्यामुळे फेरीत काही सुटलं नाही. बाई जास्तीचे देत होत्या, मी घेतले नाहीत. रागावू नका.

पोचलो तेव्हा बाईंची आई शुद्धीवर होती. बॅग ठेवायला दारापर्यंत गेले, तर ती लेकीला म्हणत होती, "किती गं उशीर केलास!" मला तिथे थांबवेना.

बाबा, तुमचा खोकला कसा आहे? फोनवर सांगता तसं नको, खरं सांगा. आपलं घर इथून दोन चार्जिंग लांब आहे, हे मी काल पहिल्यांदा मोजलं. शनिवारी निघतेय.

तुमची,
धाकटी