संगणकाच्या तासाची खूण

सर, आपला तो प्रोग्राम परत चालू झाला. काल मी कर्णबधिर मुलांच्या त्या शाळेत होते आणि पाचवीच्या मुली एकेका टॅबवर दोघी-दोघी वाकून तो चालवत होत्या. तुम्ही आणि मी सीडीवर बसवलेला तोच प्रोग्राम, आता वेबसाइट होऊन. घरी आल्यापासून मी एका जागी बसू शकलेली नाही. नवऱ्याला सांगून झालं, आईला गावी, गव्हाणला फोन करून सांगून झालं, तरी जिथे सांगायला हवं तिथे अजून सांगितलेलंच नाही असं वाटत राहिलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आज माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाला येऊन टेकलंय. तरी सांगते, आणि सुरुवातीपासून सांगते, कारण माझ्या बाजूने ती सुरुवात कशी दिसत होती ते मी तुमच्याशी कधी बोललेच नाही.

मी तुमच्याकडे शिकायला आलेच नव्हते. बारावी झाल्यावर बाबांनी टायपिंगच्या क्लासला पाठवलं होतं, पनवेलला, एसटी स्टँडजवळच्या त्या गल्लीत, औषधांच्या दुकानावर. टायपिंग पहिल्या मजल्यावर होतं. मी एक जिना जास्त चढले. दार उघडं होतं आणि तुमच्या पडद्यावर एक बगळा पाण्यावरून उडत चालला होता. तुम्ही माऊस त्याच्यावर नेला की तो पंख मिटून खाली उतरायचा, माऊस काढला की परत उडायचा. टीव्हीतली चित्रं मी पाहिली होती, पण माणसाच्या हाताचं ऐकणारं चित्र तोवर पाहिलं नव्हतं. मी दारातच थांबले. तुम्ही घसरलेला चष्मा बोटाने वर सारत, वळून न बघता म्हणालात, "आत ये बेटा, बघायची फी नाही." दुबईत जाहिरातींच्या कंपनीत काम करून तुम्ही परत आला होता आणि पनवेलच्या पोरांना मल्टिमीडिया शिकवायचं असं मनात घेऊन बसला होता. पोरं मात्र हिशेबाचं टॅली शिकायला समोरच्या बिल्डिंगमध्ये जायची. तुमच्याकडे चार संगणक होते आणि बहुतेक दुपारी त्यातला एकच चालू असायचा.

तुम्ही शिकवता तेव्हा सगळं नाटकासारखं असतं. हा पडदा म्हणजे रंगमंच. इथे चित्रं, अक्षरं, आवाज, व्हिडिओ, हे सगळे नट विंगेत उभे. खाली ही टाइमलाइनची पट्टी, कोणी कधी यायचं आणि कधी जायचं ते इथे ठरतं. "आणि हा," तुम्ही बटणाकडे बोट दाखवून म्हणता, "हा प्रेक्षक. इथे प्रेक्षक स्टेजवर चढतो. म्हणून हे नाटकापेक्षा अवघड आहे." मी पहिल्यांदा एक होडी डावीकडून उजवीकडे नेली त्या दिवशी घरी जाताना एसटीत मी मांडीवर बोटाने तीच होडी पुन्हा पुन्हा नेत होते. काहीतरी माझ्या सांगण्यावरून हललं होतं. घरात आणि गावात तोवर माझ्या सांगण्यावरून फारसं काही हलत नसे.

बाबांना हे पसंत नव्हतं. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलेलं, आणि तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात माझी नोकरी त्यांनी ओळखीतून जवळजवळ ठरवत आणली होती. "कंपनीची नोकरी हाय," ते म्हणाले, "बस दारात येते. ती सोडून तू चित्रा हलवत बसनार? आमाला नाय समजत." चित्रं हलवून माणूस पोट कसं भरतो हे मलाही समजत नव्हतं. शेवटी दिवाळीपर्यंत शिकायचं आणि दिवाळीनंतर तळोज्याला जायचं, असं ठरलं. तुम्हाला मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त "बरं" म्हणालात, आणि त्याच आठवड्यात त्या शाळेचं काम माझ्यासमोर ठेवलंत. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंना एक सीडी हवी होती. पडद्यावर चित्र, शेजारी लिहिलेला शब्द आणि त्या शब्दाची हाताची खूण, असं तिन्ही एकत्र, म्हणजे मुलं खेळत खेळत वाचायला शिकतील. "हे तू कर," तुम्ही म्हणालात. "मी मागे बसतो."

मी जीव ओतून केलं. सुरुवातीला बासरी. प्रत्येक बटणाला टिंग. उत्तर बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की घसरगुंडीसारखा एक आवाज. तुम्हाला दाखवायला बसवलं तेव्हा मी कौतुकाची वाटच बघत होते. तुम्ही हात लांब करून स्पीकर बंद केलात आणि म्हणालात, "आता चालव." मी चालवलं. पडद्यावर काहीच घडेना. बरोबर उत्तर दिलं तरी चित्र तसंच, चुकीचं दिलं तरी तसंच. सगळी शाबासकी आवाजात होती.

"हे कोणासाठी केलंस?"

"शाळेतल्या मुलांसाठी."

"नाही बेटा. हे तू स्वतःच्या कानांसाठी केलंस."

आवाज न चढवता एवढंच बोललात आणि चहा सांगायला खाली गेलात. मी गव्हाणपर्यंत एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. पण दुसऱ्या दिवशी निघताना मी दोन्ही कानांत कापूस घट्ट कोंबला आणि तशीच पनवेलच्या बाजारातून चालत आले. एका रिक्षाने जवळजवळ उडवलंच, हॉर्न कळलाच नाही. पण मासळीवाली आणि गिऱ्हाईक यांचं भांडण मला शब्दही न ऐकता पूर्ण समजलं. भुवया, हनुवटी, मनगट, सगळं बोलत होतं. मी जिना धावत चढले आणि कापूस न काढता कामाला बसले. बरोबर उत्तराला आता चित्रातली घागर भरून वाहायला लागली, झाडाला पालवी फुटायला लागली. चुकलं की चित्रातली मुलगी भुवया उंचावून मान हलवायची. तुम्ही स्पीकर बंद ठेवूनच सगळं पाहिलंत. मग म्हणालात, "माशाल्ला. शाळेला फोन लाव." माझ्या कानात अजून कापूस होता. तुम्हाला ते दोनदा सांगावं लागलं.

शाळेत दाखवायच्या दिवशी बाबा पनवेलला काही कामाला आले होते, मला घेऊन जायला म्हणून शाळेत आले आणि दारापाशी चपला काढून उभे राहिले. दोन वेण्यांची एक लहान मुलगी त्यांच्याकडे गेली, बाही धरून त्यांना संगणकासमोर आणलं आणि खुर्चीत बसवलं. पडद्यावर 'मीठ' हा शब्द होता. तिने खूण करून दाखवली. बाबांनी तशी बोटं केली. तिने मान हलवली, त्यांचं मनगट धरून वळवलं आणि परत करायला लावलं. तिसऱ्या वेळी जमलं तेव्हा तिने बटण दाबलं आणि पडद्यावर पांढरीशुभ्र रास उभी राहिली. बाबा बराच वेळ त्या राशीकडे बघत होते. गावाकडे परत जाताना एसटीत ते म्हणाले, "ती पोरगी माझ्याशी बोलली." मी हो म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाले, "कर मग ह्यो धंदा. तलोज्याला काय सांगाचा ते मी सांगतो."

दिवाळीला तुम्ही मला एक खोका दिलात. मला मिठाई वाटली. आत व्हिजिटिंग कार्डं होती, माझं नाव, खाली 'मल्टिमीडिया आणि वेब डिझायनर', आणि फोन नंबर क्लासचा, कारण माझ्याकडे फोन नव्हता. गिऱ्हाईकही नव्हतं. "वाटून संपव," तुम्ही म्हणालात. मी वाटली. उरणचा मासळीचा व्यापारी आला, कोचिंग क्लास आले, एक मंगल कार्यालय आलं. त्यांना साइट उघडताच पडद्यावर अक्षता पडायला हव्या होत्या. मी पाडल्या. त्या काळात प्रत्येकाला साइटच्या दाराशी काहीतरी हलणारं हवं असायचं, आणि पनवेलमध्ये ते हलवणारी मीच होते. तुम्ही गेल्याचं मला एका बिल्डरच्या ऑफिसात कळलं, ईदनंतरच्या आठवड्यात. मी लॅपटॉप मिटला आणि पनवेलमधून चालत तुमच्या घरी आले. अंगणात तुमचे विद्यार्थी होते. टॅली शिकायला गेलेले पण आले होते.

मग आपण ज्यात चित्रं हलवायचो ते सॉफ्टवेअरही गेलं, सर. ब्राउझरनी ते चालवणं थांबवलं. फोन यायचे, "मॅडम, साइट उघडली की नुसता करडा चौकोन दिसतो." मी जे जे केलं होतं ते एकेक करून करडा चौकोन झालं. तेव्हा मला वाटलं, बाबा बरोबर होते, तळोज्याची बस धरायला हवी होती. पण बसून राहण्याची सोय नव्हती. मुलगी बालवाडीत, घराचा हप्ता सुरू. मी नव्याने कोड लिहायला शिकले, मोबाईलच्या पडद्यावर मांडणी शिकले, गिऱ्हाइकांना पहिली विनंती हीच करायला शिकले की तुमची साइट वापरणारा माणूस मला पाच मिनिटं भेटवा. हळूहळू कामं परत आली. आता दवाखाने आहेत, बियाण्यांची एक कंपनी आहे, आखातात जाणाऱ्यांची कागदपत्रं बघणारा एक एजंट आहे. चांगलं चाललंय.

आणि गेल्या वर्षी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "मी शाळेत शिक्षिका. लहानपणी तुमची सीडी. आता चालत नाही. परत पाहिजे." भेटायला गेले तर दारात ती, दोन वेण्यांच्या जागी आखूड कापलेले केस. शाळेच्या अडगळीतल्या जुन्या संगणकावर आम्ही सीडी उघडली आणि ती हसत सुटली. तुम्ही आणि मी काढलेले हात! पाण्याची खूण आपण उलटी काढली होती, 'भाऊ'ची खूण तर भलतीच कसली तरी झाली होती. तिने फोनवर टाइप करून दाखवलं, "आम्ही मुलं रोज ही चूक बघून हसायचो. तरी कोणी सांगितलं नाही. मज्जा." मग नवीन करताना हात काढलेच नाहीत. शाळेच्या गच्चीवर पांढरी चादर बांधली आणि प्रत्येक शब्द तिच्याच हातांनी, तिच्याच चेहऱ्यासकट चित्रित केला. वरून विमान गेलं की मी सवयीने थांबायचे, आवाज येतो म्हणून. ती माझ्याकडे बघायची, कशाला थांबलीस, आणि मग दोघींना हसू यायचं.

आता कालचं सांगते, ज्यासाठी बसले. तास संपत आला तसा मुली एकमेकींना सारखी एकच खूण करत होत्या. एक बोट नाकावर मधोमध ठेवायचं आणि वर सारायचं. टॅबकडे हात, मग बोट नाकावर. टीचरला विचारायला आलेली एक मुलगीही तेच, डोळे मोठे करून, म्हणजे उद्यापण आहे का? मला कळेना. मी टीचरला विचारलं. तिने टाइप केलं, "कॉम्प्युटर." मी लिहून दाखवलं, कॉम्प्युटरची खूण अशी नसते. तिने पुन्हा टाइप केलं, "आपल्या शाळेत अशी. आधी सरांचं नाव होतं. सीडी घेऊन तास घ्यायला यायचे. चष्मा सारखा घसरायचा, बोटाने वर. मग कॉम्प्युटरचा तास. मग कॉम्प्युटर."

सर, त्या मुलींपैकी कोणीही तुम्हाला पाहिलेलं नाही. त्या जन्मायच्या आधी तुम्ही गेलात. आणि त्या तुमचा चष्मा वर सारतात, रोज, त्यांना ठाऊकही नाही की हा कोणाचा चष्मा. मग मीही बोट नाकावर ठेवून वर सारलं, आणि त्या मुलीने मला मान डोलावून सांगितलं की हो, उद्यापण आहे.

हे मी सवयीने मेलच्याच खिडकीत लिहीत बसले. 'प्रति'ची जागा रिकामी आहे आणि रिकामीच राहील. एक मात्र सांगून टाकते. निघताना टीचरने विचारलं, मुलाने कॅमेऱ्यासमोर खूण केली तर ती बरोबर आहे का चूक, हे प्रोग्राम स्वतः ओळखू शकेल का? असं झालं तर मुलं घरीही सराव करतील. मी हो म्हणून आले, अगदी सहज, जणू रोजचंच काम आहे. तिने लगेच मुलींना सांगितलंसुद्धा. खरं म्हणजे कॅमेऱ्याने बोटं कशी ओळखायची यातलं मला अजून काहीच येत नाही.